येतो म्हणणारा

आमच्या जालन्यातली कापसाची जिनिंग बंद पडली आणि गल्लीतली पोरं एकेक करून पुण्याला गेली. निघताना सगळे "येतो" म्हणाले. परत कुणीच आलं नाही.

समोरच्या रिकाम्या खोलीत मग सळयांच्या कारखान्यातला एक बिहारी राहायला आला. दिवसभर भट्टीपुढे भाजून यायचा, तरी उकळता चहा फुंकर न मारता प्यायचा.

छठपूजेला गावी निघताना नव्यानं शिकलेल्या मराठीत माझ्या आईला म्हणाला, "मावशी, जातो."

आई खवळलीच. "जातो म्हणू न्हाई रे! येतो म्हणावं."

"बराबर. येतो."

महिन्याभरानं दारात हाक आली, "मावशी, येतो बोला था ना!" मागं बायको, दोन भाऊ आणि पत्र्याची पेटी.

आई हसून म्हणाली, "आमच्या पोरायला बी जरा मराठी शिकव, बाबा."