मंजुषाच्या साच्यातली बाळं

भोसरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात मंजुषा सिलिकॉनची बाळं करते. पूर्ण बाळ नाही, नुकत्याच जन्मलेल्या बाळाची नुसती छाती. लहान मुलांचे सर्जन त्या छातीला बारीक छिद्रं पाडतात, एकातून कॅमेरा आत सोडतात आणि पडद्यावर बघत टाके घालायचा सराव करतात. काय चुकायचं ते इथं चुकून घ्यायचं. छातीत अन्ननलिका असते आणि ती मुद्दाम तुटकी करायची असते. वरचं टोक बंद, खालचं भलतीकडेच, श्वासनलिकेला चिकटलेलं. ते काम मंजुषाकडे.

तिची करिष्मा अशीच जन्मली होती. जिंतूरहून लग्न होऊन कासारवाडीला आलेल्या मंजुषाचं ते पहिलं लेकरू. पाजलेलं दूध नाकातोंडातून यायला लागलं तेव्हा कळलं. सरकारी दवाखान्यात पाठीकडून छाती उघडून नळी जोडली आणि मुलगी वाचली. पण जोडाजवळ नळी आक्रसत राहिली. करिष्मा आता तिसरीत आहे, तरी भाकरीचा तुकडा अडकला की घाबरीघुबरी होते. ती जेवायला बसली की मंजुषा समोरून हलत नाही. दिवसभर तुटक्या नळ्या करायच्या आणि घरी येऊन जोडलेल्या नळीवर पहारा द्यायचा.

गाळ्यात हे कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा शाळेतून फोन आला, डब्यातलं सफरचंद अडकलं म्हणून. पळत निघताना मालकांना सगळं सांगावंच लागलं.

मालक जयसिंगराव मूळचे भोसरीचेच, मनानं चांगले. त्यांनी ओळखीच्या सर्जनकडे करिष्माला पाठवलं. तिथं दुर्बिणीतून नळी रुंद करून दिली. पोरगी पोटभर जेवली आणि मंजुषाला देव भेटल्यासारखं झालं. मग एक दिवस जयसिंगरावांनी बोलावलं.

"निगडीला डॉक्टरांचं सरावाचं शिबिर हाय. लेकीला घेऊन ये. आपण हे कशासाठी करतो ते कळू दे त्यांना."

"साहेब, तिला नको."

"अगं, घरचंच काम हाय. नाही म्हणू नको."

घरी नवरा कुलदीप चाकणहून शिफ्ट करून आलेला. तो म्हणाला, "त्यांनी एवढं केलं, आपण एवढंही नाही करायचं?" सासू शालनबाईंनी विचारलं, "पोरीला परत त्याच डॉक्टरकडं न्यावं लागंल. तेव्हा काय तोंड दाखवशील?"

खोटं काहीच नव्हतं. नळी पुन्हा आक्रसेल, असं सर्जननीच सांगितलं होतं. कुणी वाईट बोलत नव्हतं, म्हणून तर मंजुषाला भांडायलाही जागा उरली नव्हती.

शिबिरात जयसिंगराव बोलले, मंजुषा चार वाक्यं बोलली. मग पुढच्या रांगेतले एक डॉक्टर गोड आवाजात म्हणाले, "बेटा, ऑपरेशनची खूण दाखवतेस?" करिष्मानं आईकडे पाहिलं. सगळा हॉल आईकडेच पाहत होता. मंजुषानं आपल्या हातानं फ्रॉकची चेन खाली ओढली. डॉक्टर वाकून बघू लागले, एकानं फोटो घेतला, टाळ्या झाल्या.

रिक्षात करिष्मानं विचारलं, "आई, परत दाखवायची का?"



पुढचं शिबिर ताथवड्याला ठरलं, तेव्हा ती आपणहून जयसिंगरावांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, करिष्मा येणार नाही. मी येते. साच्यातलं बाळ दाखवते, विचारतील ते सांगते. पण तिचं नाव घ्यायचं नाही."

जयसिंगरावांनी समोरचे कागद पुढे ओढले. "बरं," एवढंच म्हणाले. नंतर कितीतरी दिवस ते तिच्या टेबलापाशी थांबले नाहीत. आता नळी पुन्हा रुंद करायला सर्जनची तारीख मिळते की नाही, ही धास्ती मंजुषाला लागून राहिली.

तारीख मिळाली. फोन जयसिंगरावांचाच होता.

"फार उपकार झाले, साहेब," ती म्हणाली. हे उपकार नकोत म्हणून काम सोडायचं, असं तिच्या मनात पक्कं होत आलं होतं, पण नळी पुन्हा आक्रसणारच होती. तिनं फोन ठेवला, हातमोजे चढवले आणि पुढची नळी कापायला घेतली.