गप्प बसलेला वॉल्व्ह

धाकटीसारखी मुलगी अख्ख्या गल्लीत दुसरी दाखवा. बंद पडलेला स्पीकर असो नाहीतर मिक्सर, तिच्या हातात गेला की सुरू झालाच म्हणून समजा. डिप्लोमापर्यंत शिकली, तीही थोरल्या भावाच्या जिवावर. दादा आठवीतच शाळेतनं सुटला आणि कारखान्यातल्या मोठ्या प्रेसवर उभा राहिला तो आजतागायत. जाड पत्रा वाकवावा तर त्यानंच.

त्या प्रेसचं कार्ड जळालं. कार्ड म्हणजे तेलाच्या वॉल्व्हला करंट पुरवणारा अँप्लिफायर. जेवढा करंट तेवढाच वॉल्व्ह उघडतो आणि तेवढ्याच वेगानं प्रेसचा दट्ट्या खाली येतो. कार्ड बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. मालक म्हणाला, भंगारात काढू. प्रेस गेली म्हणजे दादा गेला; या वयात त्याला दुसरीकडे कोण उभं करणार? पण दादानं सगळ्यांसमोर छाती फुगवली. "माझी बहीण बनवेल. तिच्या हातचा मळ आहे तो." मालकानं शनिवारपर्यंत मुदत दिली.

घरी हे कळलं तेव्हा धाकटीनं कपाळावर हात मारून घेतला. असलं कार्ड तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. पण नाही म्हणायची सोय दादानं ठेवलीच नव्हती.

दादा वॉल्व्ह काढून घरी घेऊन आला आणि स्वयंपाकघरातलं टेबल गेलं. वहिनी म्हणाली, आता भाजी कुठं चिरू, तुझ्या वायरींवर? पहिला ट्रान्झिस्टर फट्कन उडाला. करंट तोडला की वॉल्व्हमधली कॉइल उलटा दणका देते, त्याला वाट म्हणून डायोड हवा, हे धूर निघाल्यावर सुचलं. मग कॉइल तापली की करंट उतरायला लागला. तेव्हा तो मोजून आपोआप भरून काढायची सोय केली. शेवटी चाललं. पण सर्किट करंट भराभर चालू-बंद करून सोडायचं, त्यामुळं वॉल्व्ह घूं घूं करायचा.

दादाचं तोंड वाकडं झालं. स्वस्तातल्या पंख्यासारखं काय घुमतंय, चारचौघांत शोभेल असं कर, म्हणाला. तिलाही तो डागच वाटला. एक कपॅसिटर बदलून तिनं चालू-बंदचा वेग इतका वाढवला की वॉल्व्ह गप्प झाला. करंट कसा सरळ रेषेत! ती स्वतःवरच खूश झाली.

शनिवारी भंगारवाल्याचा ट्रक गेटवर उभाच होता. नवं कार्ड आणि वॉल्व्ह प्रेसला जोडून दादानं नॉब हळूच फिरवला. दट्ट्या हलेना. अजून फिरवला, तरी हलेना. अजून जरासा, आणि दट्ट्या असा धाडकन आदळला की चाचणीसाठी खाली ठेवलेल्या लाकडी ठोकळ्याची ढलपी दादाच्या कानाजवळून गेली.

"बस झालं," मालक म्हणाला आणि त्यानं ट्रकला हात केला.

दादा खाली बसून मुकाट्यानं ढलप्या गोळा करत होता. त्याला असं गप्प तिनं कधी पाहिलंच नव्हतं. त्या गप्पपणानंच तिला आठवलं: घरी घुमणारा वॉल्व्ह एकदाही अडकला नव्हता. घुमत होता म्हणजे आतला दांडा केसभर थरथरत होता, आणि थरथरत होता म्हणून चिकटत नव्हता. तिनंच त्याला शांत करून चिकटवला होता.

ट्रक आत येईपर्यंत थांबा, एवढंच ती मालकाला म्हणाली. जुना कपॅसिटर तिच्या हत्यारांच्या डब्याच्या तळाशी सापडला. मागं ट्रक पीं पीं करत रिव्हर्स येत होता, तिचं सोल्डर कपॅसिटरच्या पायाला धरेना. बोट भाजलं. दादा वाकून बघत होता.

"जमेल ना गं?"

"माहीत नाही, दादा."

वॉल्व्ह घुमायला लागला. दुसरा ठोकळा ठेवला, नॉब फिरवला. मांजर जिना उतरतं तसा दट्ट्या खाली आला आणि ठोकळ्यावर अलगद टेकला. मालकानं पुन्हा करायला लावलं, मग पुन्हा. मग त्यानं ट्रकला परत जायचा हात केला आणि ट्रक रिकामाच निघाला.

धाकटी तेलाच्या पिंपावर बसली. आता एवढ्यात कुणाला काही बोलू नकोस, असं दादाला सांगायला तिनं मान वळवली. पण तो ट्रकवाल्याच्या खिडकीशी पोचला होता आणि ट्रक पुढं जी उचलायला जाणार होता, ती शेजारच्या कारखान्यातली बंद पडलेली प्रेससुद्धा तिच्या नावावर दुरुस्तीला कबूल करून मोकळा झाला होता.