पूर्णविरामानंतरच्या दोन स्पेस

टायपिंग मला कुणी शिकवलं नाही. मुलुंडच्या कोर्टाबाहेर एक गृहस्थ टेबल मांडून अर्ज टाइप करायचे. त्यांना मी चहा नेऊन द्यायचे, बघत उभी राहायचे, ते जेवायला गेले की मशीनवर बोटं चालवायचे. पुढे त्यांनी मलाच बसवलं. एकच गोष्ट बजावली होती त्यांनी. "पूर्णविरामानंतर दोन स्पेस दे. साहेब दिवसभर अर्ज वाचतो, त्याला थांबायला जागा पाहिजे." तेव्हापासून पूर्णविराम आला की माझा अंगठा दोनदा पडतो. आता घरात लॅपटॉप आहे, पण अंगठा तोच ना!

माझी सून ऑफिसात काम करते. ती कितीदा म्हणाली, "आई, आता एकच स्पेस देतात." मी म्हणायचे, "घाईतली माणसं देत असतील."

तर गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या समोरच्या खोलीत राहणारी बाई अपात्र ठरली. वस्ती पाडून बिल्डिंग व्हायची होती, त्यात कुणाला घर द्यायचं ते ठरवायला घरोघरी सर्व्हे झाला. नेमक्या त्या दिवशी हिच्या दाराला कुलूप. नवरा गावी वारला होता, ही तिकडे गेलेली. यादीत हिच्यापुढे 'खोली बंद' एवढंच. अपील ऑनलाइन करायचं होतं आणि मृत्यूचा दाखला गावाहून आला तोच मुळी शेवटच्या दिवशी सकाळी. संध्याकाळी पाचला ते सगळं बंद होणार होतं. अपील गेलं नाही तर खोली गेली. वीस वर्षांची खोली.

अर्ज मी आदल्या दिवशीच टाइप करून ठेवला होता. सुनेने रजा काढलेली. कागद जोडता जोडता साडेचार झाले. अर्ज तिने वेबसाइटवरच्या चौकटीत चिकटवला आणि बटण दाबणार, तेवढ्यात ही बाई म्हणाली, "थांब गं पोरी. मला वाचू दे."

स्क्रीनवर बोट ठेवून वाचायला लागली. एकेक शब्द. घड्याळ समोर टांगलेलं.

"आक्का," ती म्हणाली, "हे 'खोली' इथेच संपलं. पुढचं कुठाय?"

मी चष्मा सारखा केला. शेवटचं वाक्य मी लिहिलं होतं, 'तरी मेहेरबान साहेबांनी, मी पतीच्या अंत्यविधीसाठी गावी गेल्यामुळेच खोली बंद होती हे ध्यानात घेऊन मला पात्र ठरवावे.' त्यातलं 'खोली'नंतरचं काहीच तिथे नव्हतं. मागणीच नव्हती!

सून म्हणाली, "दोन हजारच अक्षरं घेतात हे. बेचाळीस जास्त झालीत. काना, वेलांटी, सगळं मोजतात."

"मग एखादं वाक्य काढ," मी म्हटलं. "ते मिठागराचं काढ. नवरा मिठागरात कामाला होता, त्याचं इथे काय काम?"

बाईने माझा हातच धरला. "ते नको, आक्का. तो होता इथं, एवढं तरी कुठेतरी लिहिलेलं राहू द्या."

पावणेपाच झाले होते.

"आई," सून हळूच म्हणाली, "रागावू नका. स्पेसपण मोजतात ते. तुमच्या जादा स्पेस चौतीस आहेत."

मला झोंबलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, "सरकारी अर्ज आहे तो, कुणाला पाठवायचा मेसेज नाही. गचाळ दिसेल."

"गचाळ दिसू दे ना!" बाई एकदम ओरडली. तिने आजवर कधी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. "माझं दार गेल्यावर काय करू त्या छान अर्जाचं?"

मी सुनेला म्हटलं, "काढ."

मला वाटलं एकेक काढायला वेळ लागेल. कसलं काय, तिने दोन बटणं दाबली आणि चौतीसच्या चौतीस गेल्या. डोळ्यांदेखत अर्ज आक्रसला.

"अजून आठ जास्त आहेत."

पाचला सात मिनिटं. मी वरपासून वाचत सुटले. आठ, आठ कुठून काढू? नजर शेवटच्या ओळीवर आली. "मेहेरबान काढ," मी म्हटलं. "नुसत्या साहेबांनी भागेल."

बसलं. वर एका अक्षराची जागा उरली. सुनेने बटण दाबलं आणि ते गोल गोल फिरायला लागलं. बाईने दाखल्याचा कागद छातीशी धरलेला. फिरतंय, फिरतंय. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. मग हिरवी खूण आली, खाली पोच क्रमांक.

बाई खाली बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "आता पुन्हा वाचू द्या."

पुन्हा बोट ठेवून वाचलं. मिठागरापाशी जरा थांबली. 'पात्र ठरवावे'पर्यंत पोचल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "रागाने बोलले, आक्का. त्या स्पेस गेल्या, त्यात माझं काही गेलं तर नाही ना?"

"नाही गं," मी म्हटलं. "रिकाम्याच होत्या."

सुनावणीची तारीख अजून यायची आहे. समोरच्या दारात रोज सकाळी पाणी मारलेलं असतं.