ब्लडीच्या पुढचा शब्द

“हा अफेझिया आहे,” अबुधाबीच्या हॉस्पिटलात डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाले. म्हणजे स्ट्रोकमुळे बोलण्याची वाट बंद पडणं. समजतं सगळं, शब्द हाती लागत नाहीत. मग त्यांनी मला माझं नाव विचारलं.

“ब्लडी,” मी म्हणाले.

आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. कॉलेजात इंग्रजी घासून घासून शिकले, इथे कंपनीचे अकाउंट्स सांभाळते. आणि उरलं काय, तर साहेबांची शिवी. साहेब ब्रिटिश. प्रिंटर अडकला की ब्लडी प्रिंटर, काम छान झालं की ब्लडी गुड. आमच्या गावच्या बायका मेलं मांजर, मेला पाऊस म्हणतात ना, तसंच. राग, लाड, वैताग, सगळं त्यात बसतं. लेक ईरा घरी हा शब्द बोलली की मीच डोळे वटारून “लँग्वेज!” म्हणायचे.

आता पाणी हवं, ब्लडी. दुखतंय, ब्लडी. सिस्टरनी उशी नीट केली, तर मऊ आवाजात ब्लडी. इथे शिवीवरून केस होऊ शकते, म्हणून सुहास, माझा नवरा, वॉर्डभर सॉरी म्हणत फिरायचा. ईरा दारातच उभी राहायची. तिला मी नावाने हाक मारत नव्हते ना.

स्पीच थेरपिस्ट केरळची. शिव्या, पाढे, आरत्या विचार न करता तोंडात येतात, त्याला ऑटोमॅटिक स्पीच म्हणतात. ते पुष्कळदा शाबूत राहतं, असं तिने समजावलं. सुहास मला गप्प करायला लागला, तर तिने त्यालाच दटावलं. “रोको मत, भैया. इसी के पीछे दूसरा शब्द जोडेंगे.”

मी हट्टाला पेटले. ब्लडी, आणि ग्लासाकडे बोट. ब्लडी, आणि नुसतं पा. जबडा दुखायचा, लाळ गळायची. रडले नाही असं नाही, पण सराव सोडला नाही. ब्लडी पाणी जमलं, तेव्हा सिस्टर कौतुकाने “माशाल्ला” म्हणाल्या.

त्याच दुपारी ईरा शाळेतून आली आणि नेहमीसारखी दारात थांबली. मी दम घेतला.

“ब्लडी... ईरा.”

तिने दप्तर खाली ठेवलं. मग पलंगाशी आली, माझ्यासारखेच डोळे वटारले, “मम्मा, लँग्वेज!” म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली.

आता वाक्यं येतात, अडखळत. ऑफिसलाही जाते. तुमच्या माणसाकडे असा एकच शब्द उरला, तर लाजून तो दाबू नका. तो काय सांगतोय ते ऐका, पुढचा येईस्तोवर समोर बसा. माझ्यासमोर माणसं बसली, म्हणून आज त्यांचे आभार तोंडाने मानता येतात.

ईराला हाक मारायला आता तो शब्द लागत नाही. तरी कधीतरी मुद्दाम लावते.