तिसऱ्या गिअरचा हट्ट

बाळांनो, दर शुक्रवारी फोनवर तुम्ही विचारता, "आजी, तिकिटं काढली का?" आणि मी विषय बदलते. आता आजोबांचा इकामा, म्हणजे सौदीत राहायचा परवाना, संपत आला आहे, म्हणून खरं कारण लिहिते. आमचं नाशिकला परतणं एका इंजिनापाशी अडलं होतं.

आजोबांनी जुन्या जीपसाठी कोरं इंजिन मागवलं होतं, कारखान्यातून लाकडी खोक्यात बंद होऊन येतं तसं. जिझानच्या सपाटीवर ते छान पळायचं. पण त्यांना आणखी ताकद हवी होती. जवळच्या डोंगरातला फैफाचा घाट गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली, की परतीच्या कागदांवर सही करीन, म्हणाले. जन्मभर नोकरीत रिफायनरीने ठरवलेलं केलं. हे एक त्यांचं स्वतःचं. मी हो म्हटलं. वाटलं, फार तर एक उन्हाळा जाईल.

त्यांनी झडपा उघडणारा कॅमशाफ्ट बदलला, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर बसवले. मग कधी किती पेट्रोल सोडायचं, हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला नव्याने शिकवायचं होतं. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आला आणि ताटं ओट्यावर गेली. मी बॅगा भरायची आणि उपसायची, कारण हवं ते औषध नेमकं तळाशी असायचं. गाडी मात्र घाटात दर वेळी दुसऱ्या गिअरवर यायची, काळा धूर सोडत.

आमचे शेजारी रत्नागिरीकडचे, बंदरावर मासळीचा व्यापार करतात. एकदा जिन्यात म्हणाले, "वहिनी, साहेब गाडी चालवतायत की भट्टी?"

"तुम्हीच विचारा. माझं ऐकत असते तर मी इथे दिसले असते का?"

त्या संध्याकाळी आजोबांनी प्लग काढून टेबलावर ठेवले. काजळीने काळे.

"पेट्रोल जास्त पडतंय ना? मग कमी करा की."

"अगं, कमी पडलं तर पिस्टन वितळेल. थोडं मार्जिन ठेवलंय."

रिफायनरीतल्या माणसांची ही सवयच. पंप असो, पाइप असो, लागेल त्याहून थोडं जास्त धरायचं. आम्ही विमानतळावरसुद्धा काउंटर उघडायच्या आधी पोचतो.

"किती ठेवलंय?"

ते बोटांवर मोजू लागले. इंजेक्टर निवडताना ठेवलं होतं, आकडे भरताना ठेवलं होतं, आणि पहिल्याच चढावर इंजिन जरा खडखडलं तेव्हा घाबरून पुन्हा. मार्जिनवर मार्जिन.

"म्हणजे तुम्ही तिला ताकद देत नव्हता, बुडवत होता," मी म्हटलं.

"हं," म्हणाले, आणि चहा बाजूला सारून लॅपटॉप पुढे ओढला.

मग त्यांनी पेट्रोल थोडं थोडं कमी करत नेलं. प्रत्येक वेळी चक्कर मारायची, प्लग बघायचे, पुन्हा कमी करायचं. शेवटी मला शेजारी बसवून ते फैफाला निघाले. वळणांवर मी दाराची मूठ धरून खडखडाट ऐकू येतोय का, एवढंच ऐकत होते. आला नाही. माथ्यापर्यंत गाडी तिसऱ्या गिअरवरून खाली आली नाही.

"उद्या सही करतो," ते म्हणाले. इंजिन बंद केलं तरी हात स्टिअरिंगवरच होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण नाशिकच्या फ्लॅटमध्ये या हातांना उघडायला काय मिळणार, हा विचार तेव्हापासून मला सोडत नाही.

सही झाली आहे. तिकिटं काढली आहेत. जीप शेजाऱ्यांनी घेतली. तिचं इंजिन अजून उत्तम चालतं.