चांदीची पट्टी

पिंपाच्या तळाचा बुळबुळीत थर हाताला लागला, की मला आमच्या ह्यांच्या पायाचा अंगठा आठवतो. कंपनीतला बूट चावून जखम झालेली, त्यात ह्यांना साखरेचा आजार. कितीही गोळ्या खाल्ल्या तरी भरेना, वास मारायची. पिंपळे गुरवच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जंतूंनी वर थर धरलाय, औषध आत जातच नाही. चांदीच्या कणांची पट्टी लावून बघू, नाहीतर अंगठा काढावा लागेल." चांदी म्हटल्यावर मी तिथंच वाकून जोडवी काढायला लागले. हे ओरडले, "अगं, मी जिता हाय अजून!" बाई हसून म्हणाल्या, "राहू द्या काकू, पट्टीतच असते, डोळ्यांना न दिसण्याइतकी बारीक." दर दोन-तीन दिवसांनी पट्टी बदलली, पंधरवड्यानं सोडली तर वास गेलेला, खाली लालचुटूक मांस. "वाचला अंगठा," बाई म्हणाल्या आणि मला रडूच फुटलं. आता हे दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तोच अंगठा दाखवतात. मी "झाका की तो," म्हणून ओरडते, पण येताजाता मीही बघून घेते.