सोजरबाईंचा उघडा जिना

आमच्या शेजारच्या सोजरबाईंनी उभ्या जन्मात कुणापुढं मान खाली घातली नव्हती. नवरा लवकर गेला, तेव्हा वांग्या-मिरच्यांची बैलबंडी स्वतः हाकत त्यांनी बेला गावच्या बाजारात आणली. मालाच्या भावावरून कुणी वेडंवाकडं बोललं तर भर बाजारात त्याला ऐकवलं. त्याच बाईला म्हातारपणी स्वतःच्या घरात चोरासारखं वावरावं लागलं, आणि तेही एका जिन्यापायी.

जिना त्यांच्या मुलानं, उद्धवरावांनी, हौसेनं केलेला. तेलुगू मुलखाचं नवं राज्य झालं होतं, पाठोपाठ जिल्हाही तुटला होता, वांकिडीचे सोयरे बसल्या जागी परजिल्ह्यातले झाले होते. आपणही नव्या तऱ्हेनं राहायचं, असं उद्धवरावांनी मनावर घेतलं. पाट्या तेलुगूत, बोलणं तेलुगूत, आणि घर शहरासारखं. खाली बी-बियाण्यांचं दुकान, वर राहायचं, आणि दुकानातूनच वर जाणारा लोखंडी जिना. त्याला पाय ठेवायला नुसत्या फळ्या. दोन फळ्यांमधली उभी जागा मोकळी, आरपार दिसणारी. कठडा एकाच बाजूला. आणि गिऱ्हाइकांचं बाक नेमकं त्या जिन्याखाली.

सोजरबाई गोल पातळ नेसायच्या. चढता-उतरताना एका हातानं पातळाचा घोळ पायाशी घट्ट आवळायच्या, दुसऱ्या हातात तांब्या नाहीतर टोपली. मग कठडा धरायचा कशानं? त्यातून मोरी-संडास खाली, मागच्या अंगाला. दुकान उघडलं की त्या वरच बसून राहू लागल्या. चहा सोडला. पाणीही घोटभरच.

एके दिवशी उतरताना पाय फळीवरून सरकून मधल्या फटीत गेला आणि नडगी सोलून निघाली. सोजरबाई हूं की चूं न करता उतरल्या. पातळ जखमेला चिकटलं, तेव्हा सुनेच्या, रेणुकाच्या ध्यानात आलं. तिनं मला हाक मारली. आम्ही दोघी पाण्यानं कापड सोडवत होतो, तेवढ्यात उद्धवराव वर आले.

"माय, काऊन नाई सांगितलं?"

रेणुकाच बोलली. "काय सांगतीन त्या? खाली माणसं बसून राह्यतेत. फटीतून सगळं दिसते. लेकाले कसं सांगावं बाईनं?"

"कोनी पाहत नाई खालून!" उद्धवराव तडकले आणि तसेच खाली गेले. बाकावर महिपत बसला होता, त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्यालाच त्यांनी विचारलं. महिपत चपलेशी चाळा करत म्हणाला, "नाई पाहत, भाऊ. जिना वाजला का आमी समदे माना खाली घालतो. तुमच्याच ध्यानात नाई आलं."

म्हणजे गावाला ठाऊक होतं. गाव आपल्या आईची लाज राखत होतं, आणि आपण गल्ल्यावर बसून जिन्याचं कौतुक सांगत होतो. त्या दिवशी उद्धवरावांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी आदिलाबादचा वेल्डर आला. त्याला मराठी येत नव्हती. रेणुका म्हणाली, "हिंदीत सांगा न."

"मले येते तेलुगू," म्हणत उद्धवरावांनी फटींवर हात फिरवून ऐटीत सांगितलं, "अद्दम पेट्टु!" आणि माल आणायला निघून गेले.

त्यांना म्हणायचं होतं अड्डम, म्हणजे आडोसा. अद्दम म्हणजे काच, आणि पेट्टु म्हणजे लाव. संध्याकाळी परतले तर प्रत्येक फटीत स्वच्छ, चकचकीत काच बसलेली. पाय आता अडकणार नव्हता, पण दिसायचं ते दिसणारच होतं, उलट जास्तच लखलखीत.

सोजरबाई वरूनच म्हणाल्या, "पयले खिडकी होती, आता तिले काच लावली लेकानं."

बाकावरचे हसले. वेल्डर गोंधळून विचारत होता की काम चुकलं का. उद्धवरावांचे कान लाल झाले. त्यांनी सगळ्यांसमोर, हिंदीत, हात जोडून म्हटलं, "गलती मेरी है भाई. काच निकालो. पत्रा लगाओ, जिससे कुछ न दिखे." आणि दुसऱ्या बाजूलाही कठडा लावायला सांगितला.

काम झालं. फटी पत्र्यानं बंद झाल्या, फळ्यांवर खरखरीत पट्ट्या बसल्या. सकाळी दुकान भरलेलं असताना सोजरबाई जिन्याच्या वरच्या तोंडाशी आल्या. एक हात कठड्यावर, दुसऱ्या मुठीत पातळ. पहिल्याच पायरीवर थबकल्या.

उद्धवराव बियाण्यांच्या मांडणीकडं तोंड करून उभे होते. पायरी वाजून थांबलेली त्यांनी ऐकली, पण वळले नाहीत. तसेच, पिशव्यांशी बोलल्यासारखे म्हणाले, "माय, सोड तो हात. आता दिसत नाई."

"तुले काय मालूम?"

"बाकावर बसून पाह्यलं म्या. रेणुकाले चढाले लावलं, उतराले लावलं." त्यांनी एक पिशवी सरळ केली. "हे पयलेच पाहाले पायजे होतं."

सोजरबाईंनी घोळ सोडला. दोन्ही कठडे धरून, पायरीवर पूर्ण पाऊल टेकवत त्या उतरल्या आणि मागच्या दारानं मोरीकडं गेल्या. बाहेर उभ्या गिऱ्हाइकानं पुन्हा पुन्हा सरकीचं बी मागितलं, तरी उद्धवराव मांडणीकडंच बघत होते.